कापडाच्या वहीत पाण्याचे खाते कुठे आहे?

गिऱ्हाईक कापड हातात घेते तेव्हा पोत पाहते, रंग पाहते, एखादे चोखंदळ असले तर कोपरा ओला करून चोळूनही पाहते. आम्ही व्यापारीसुद्धा प्रोसेस हाऊसमधून माल उचलताना मीटर मोजतो, डाग शोधतो, शेड जुळते की नाही याची खातरी करतो. सुताचा भाव, विणाईची मजुरी, रंगाईचा दर, दलाली, गाडीभाडे, सगळे वहीत उतरलेले असते. पाण्याचे खाते मात्र कोणाच्याही वहीत सापडणार नाही. वास्तविक कोरे सुती कापड धुवून, ब्लीच करून, रंगून बाहेर पडेपर्यंत जुन्या पद्धतीच्या मशीनवर किलोमागे शंभर लिटर पाणी सहज खर्ची पडते. ते पाणी येते कोठून हे सर्वांना ठाऊक असते, कारण टँकरचे पैसे मोजावे लागतात. ते जाते कोठे हे विचारण्याची चाल आमच्या बाजारात नाही.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही बंधूंना वाटेल. कारण सरळ आहे. इचलकरंजीची पंचगंगा, भिवंडीची कामवारी, मालेगावची मोसम. आमची मागाची गावे नदीकाठीच वसली आहेत. नदीची तब्येत बिघडली की पहिला फटका माग चालवणाऱ्या हाताला बसतो. आणि तो हात बसला की माग बसतो.

इचलकरंजीचेच उदाहरण घेऊ. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला आणि बघता बघता एक लहानसे संस्थानी गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच शहरात 2012 च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली. घराघरात माणसे पिवळी पडू लागली, रुग्णांची संख्या हजारोंत गेली आणि त्यात माणसे दगावलीही. ही कावीळ ‘हेपटायटिस ई’ या विषाणूची होती. हा विषाणू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून पुन्हा माणसाच्या पोटात जातो. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, हे या साथीचे मूळ.

नदी बिघडल्याचे बोलणे निघाले की आमच्या गावांतून एक ठरलेला वाद सुरू होतो. नगरपालिका म्हणते, नदी रंगवाल्यांनी नासवली. रंगवाले म्हणतात, साहेब, आमचा रंग दिसतो म्हणून आमच्यावर बोट, शहराचा मैला दिसत नाही म्हणून तो मोकळा. पंचगंगेच्या बाबतीत तर वरच्या अंगाला कोल्हापूर शहराचे सांडपाणी आहे, साखर कारखाने आहेत. तेव्हा बोटे दाखवायला जागा भरपूर. यात रंगवाल्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते कोणते अर्धे हे समजून घेतले पाहिजे. काविळीचा विषाणू रंगाच्या टाकीतून येत नाही, तो संडासातून येतो. ओढा लाल-निळा वाहू लागला की गाव जागे होते, फोटो छापून येतात. ज्या पाण्याने माणूस दगावतो ते पुष्कळदा काचेसारखे स्वच्छ दिसते.

या काविळीची एक खोड फार वाईट आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे जातात. कधी दोनच आठवडे, तर कधी दहासुद्धा. म्हणजे साथ दिसू लागते तेव्हा जे पाणी नडले ते केव्हाच वाहून गेलेले असते. पालिका त्या दिवशी नमुना तपासते, पाणी चांगले निघते, आणि साहेब लोक म्हणतात की आमच्या पाण्यात दोष नाही. दिल्लीत 1955 मध्ये हेच घडले. यमुनेला पूर आला, नजफगढ नाल्याचे घाण पाणी उलटे फिरून वझिराबादच्या पंपाशी गेले. पाणीपुरवठा खात्याने तुरटी आणि क्लोरीन वाढवले. टायफॉईडची साथ आली नाही, म्हणजे जंतू मेले. पण विषाणू निसटला. डिसेंबर-जानेवारीत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू ‘ई’ होता हे तर कित्येक वर्षांनी, साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळले.

धडधाकट माणूस बहुधा यातून उठतो. शंभरात एखाद-दुसरा जातो. पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हाच रोग झाला तर शंभरात वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. हा आकडा आमच्या मोहल्ल्यांतील प्रत्येक घरात माहीत असायला हवा. घरात गरोदर सून वा मुलगी असेल तर गावात साथ असो वा नसो, तिचे पिण्याचे पाणी उकळलेलेच असावे. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, नुसते कोमट करून भागत नाही.

आता विषाणू नळात शिरतो कसा? येथे मागाच्या गावांची रचनाच आड येते. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना माग, मधून उघडे गटार आणि त्याच गटारातून किंवा त्याला खेटून घराघरात गेलेल्या नळाच्या लोखंडी पाइपा. पाइप गंजतो, सांधे सैल होतात. पाणी जोराने वाहत असते तोवर ते भोकातून बाहेर गळते, एवढेच. पण आमच्याकडे पाणी चोवीस तास कोठे असते? एक दिवसाआड, दोन दिवसांआड, तास-दीड तास. पाणी बंद झाले की पाइपात पोकळी होते आणि बाहेरचे गटाराचे पाणी त्याच भोकातून आत ओढले जाते. पुढच्या खेपेला नळ सुटला की पहिली बादली ज्याच्या घरी जाते त्याच्या पोटात ते जाते. त्यात भर म्हणून कित्येक जण नळाच्या लाइनीलाच मोटर जोडतात. शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते ही एक गोष्ट झाली. पण ती मोटर फुटक्या सांध्यातून गटारही ओढते आणि पहिल्यांदा आणून घालते ते मोटरवाल्याच्याच टाकीत.

मग रंगवाले सुटले का? नाही, आणि त्यांच्या म्हणण्याचा खोटा अर्धा येथे आहे. विणण्यापूर्वी ताण्याला खळ चढवतात. रंगाईच्या आधी ती खळ धुवून काढावी लागते, आणि पिष्टाची ती सारी कांजी नाल्यात जाते. नदीत ती कुजू लागली की पाण्यातला प्राणवायू खाते. मासे तडफडून वर येतात ते त्यामुळे. आणि पाण्यात अशी कुजकी घाण जितकी जास्त, तितका शुद्धीकरण केंद्रातला क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतो. विषाणूच्या वाट्याला तो उरतच नाही. मैल्याने विष आणले आणि कांजीने औषध खाल्ले, असा हा भागीदारीचा धंदा आहे. पालिका आणि रंगवाले एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा दोघेही एकाच वहीतली अर्धी अर्धी पाने वाचत असतात.

रंगाचे आपले म्हणून दुखणे आहेच. काही अझो रंगांतून बेंझिडीनसारखी द्रव्ये सुटतात आणि त्यांनी मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. जर्मनीने 1994 मध्ये अशा रंगांच्या मालावर बंदीचा कायदा केला तेव्हा आमच्या निर्यातदारांची धांदल उडाली. भारत सरकारनेही 1997 मध्ये अशा सुमारे 70 रंगांवर बंदी घातली. पण त्या वेळी बाजारात जी चर्चा होती ती सर्टिफिकेटची आणि परत येणाऱ्या मालाची. कोपरापर्यंत हात रंगात बुडवून उभ्या असलेल्या रंगाऱ्याचे नाव त्या चर्चेत फारसे निघाले नाही. स्वस्तात बिनलेबलचा रंग विकणारे आजही भेटतात. घेणाऱ्याने डब्यावर कंपनीचे नाव आणि बॅच नंबर आहे की नाही एवढे तरी पाहावे.

दुसरे दुखणे मिठाचे. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग बसवायला टाकीत भरपूर मीठ घालावे लागते. चुना टाकून, गाळ बसवून, हवा फुंकून सांडपाण्याचा रंग आणि वास कमी करता येतो. मीठ मात्र तसेच पुढे जाते. ते विहिरीत उतरले की ना पिक उरते ना पिण्याचे पाणी. हे दुखणे वेळेवर न पाहिल्याने काय होते, त्याचा दाखला आमच्याच धंद्याने तामिळनाडूत पाहिला आहे, आणि व्यापाऱ्याने तो मुद्दाम वाचावा असा आहे.

तिरुपूर म्हणजे बनियन-टीशर्टचे गाव. देशाच्या निटवेअरच्या निर्यातीचा मोठा वाटा तेथला. रंगाईच्या कारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जाई. नदीवर शेतीसाठी ओरतुपाळयम धरण बांधले, 1992 मध्ये ते पुरे झाले, आणि काही वर्षांतच ते पाण्याऐवजी रंगीत खारट सांडपाण्याचे तळे झाले. ज्या शेतकऱ्यांसाठी ते बांधले होते तेच म्हणू लागले की हे पाणी आमच्या शेतात सोडू नका. विहिरी खारट झाल्या, गावे पिण्याच्या पाण्याला महाग झाली. शेतकरी कोर्टात गेले. 2006 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखान्यांना सांडपाण्यावर लिटरमागे 6 पैशांपासून पुढे चढत जाणारा दंड लावला. 6 पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. किलोमागे शंभर लिटर धरले तर किलोला 6 रुपये होतात. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने घाण केली त्यानेच भरपाई करावी, आणि थेंबभरही सांडपाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था तीन महिन्यांत करावी. मुदती गेल्या, नदी तशीच राहिली. शेवटी 28 जानेवारी 2011 रोजी उच्च न्यायालयाने रंगाईचे सर्व कारखाने बंद करून त्यांची वीज तोडण्याचा हुकूम दिला. सातशेच्या आसपास कारखाने एका हुकमात थंड.

विणलेले कापड गोदामात पडून, परदेशी पार्टीची तारीख डोक्यावर, आणि रंगायला जागा नाही. माल शेकडो किलोमीटर दूर पाठवून रंगवून आणावा लागला. मजूर गावी परतले. पुढे सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामायिक केंद्रांत पाणी गाळून पुन्हा वापरण्याची आणि मीठ वेगळे काढण्याची यंत्रे बसली, धंदा सावरला. आज तेथील कारखानदार तेच पाणी पुन्हा रंगाईला घेतात. पण त्यासाठी लागणारा पैसा त्यांना बंदीच्या आधीही लागणारच होता. बंदीचे नुकसान तेवढे वर पडले.

आमच्याकडील जुने जाणते म्हणतात, एवढा खर्च केला तर शेजारच्या गावाचा दर आमच्यापेक्षा कमी पडेल आणि पार्टी तिकडे जाईल. ही भीती खोटी नाही. एकटा रंगवाला पाणी शुद्ध करू लागला तर तो बाजारातून उठेल. म्हणून सामायिक प्रक्रिया केंद्राला आणि गावभर एकच दर ठरवण्याला पर्याय नाही. आणि केंद्र असूनही रात्री नाल्यात पाणी सोडणारा जो कोणी असेल, त्याला पाठीशी घालण्याची संघटनांची सवय मोडली पाहिजे. तो वाचवतो ते पैसे बाकी सगळ्यांच्या खिशातले असतात.

मागवाल्यांनी आपापल्या शेडपुरते पाहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मजुरांच्या पिण्याच्या टाकीला झाकण आहे का, ती शेवटची कधी घासली, पाइप गटारातून गेला आहे का, हे एका सुट्टीच्या दिवशी पाहून होते. शेडमागच्या खोल्यांतून आठ-आठ, दहा-दहा मजूर राहतात. त्यांचा संडास कोठे रिकामा होतो तेही पाहावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहण्याची ओटी टेस्ट पालिकेचे आरोग्य कर्मचारी करतात. नळीत पाणी घेऊन औषधाचा थेंब टाकला की पाणी पिवळसर व्हावे लागते. आमचे रंगारी शेडमधला केसभर फरक ओळखतात, त्यांना हा पिवळा ओळखायला शिकवावे लागणार नाही. टेस्ट गल्लीच्या तोंडाशी न घेता शेवटच्या घरी घ्यायला लावावी. तेथे पाणी पांढरेच राहिले तर त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोवर पाणी उकळून पिण्याची सूचना मस्जिदीच्या फलकावर लावता येते.

राहता राहिलो आम्ही व्यापारी. पुढच्या वेळी रंगाईचा दर ठरवायला बसू तेव्हा पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च बिलात वेगळ्या ओळीवर लिहून द्यायला सांगावा. मीटरमागे जे काही पैसे होतील ते घासाघीस न करता द्यावेत, आणि दिल्यावर महिन्याच्या महिन्याला केंद्राची पावती मागावी. तिच्यावर त्या कारखान्याने किती पाणी पाठवले याचा आकडा असतो. आपण त्याच्याकडे किती किलो माल रंगवला हे आपल्या वहीत आहेच. दोन आकडे शेजारी ठेवले की उरलेले पाणी कोठे गेले ते विचारता येईल.