भंगारातून घरी आलेले ट्रक

भंगारवाल्याच्या काट्याला फक्त वजन कळते. त्यावर मोडका पलंग ठेवा, नांगर ठेवा नाहीतर अख्खा ट्रक चढवा, तो किलोच सांगणार. अमेरिकेत १९४७ साली शेवरोले कंपनीने गोल नाकाचा, अर्ध्या टनाचा एक नवा ट्रक काढला. तिकडच्या शेतकऱ्यांत तो फार चालला. त्याचे वजन दीड टनाच्या आसपास, म्हणजे काट्याच्या हिशेबाने दीड टन लोखंड. त्याने किती हंगाम गहू, दूध, चारा आणि माणसे वाहिली हे काट्यावर उमटत नाही. असे ट्रक भंगाराच्या आवारातून, कित्येकदा दाबयंत्राच्या तोंडातून, परत विकत घेऊन चालते करणारी माणसे तिकडे आहेत. त्यांच्या या खटाटोपाविषयी थोडे सांगतो.

मुळात सत्तर-ऐंशी वर्षांचा ट्रक शिल्लक राहतोच कसा? आपल्याकडे ट्रक म्हटला की तो वाहतूकदाराचा. रात्रंदिवस पळतो आणि पळता पळताच मरतो. तिकडचा शेतावरचा ट्रक शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचा. सुगीत महिना-दोन महिने धान्य कोठारापर्यंत नेले की उरलेले वर्ष तो गोठ्याशेजारी उभा. नवा ट्रक आला की जुना वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगेत नेऊन सोडायचा. कधीतरी एखादा सुटा भाग उपयोगी पडेल म्हणून विकायचा नाही. माँटाना, डाकोटा, कॅन्ससचा पश्चिम भाग हा मुलूख कोरडा, त्यामुळे गंज हळू चढतो. मग म्हातारा शेतकरी जातो, जमीन विकली जाते, आणि नवा मालक भंगारवाल्याला बोलावतो. बहुतेक ट्रकांचे नशीब त्याच आठवड्यात ठरते.

या ट्रकांचा जन्मही शेताशी बांधलेला आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी कापणीची यंत्रे करणारी. तिने १९०७ मध्ये उंच चाकांची मोटार-गाडी काढली, कारण खेड्यातल्या चिखलाच्या रस्त्यावर बुटकी चाके रुतत. फोर्डने १९१७ मध्ये एक टन माल वाहणारा टीटी ट्रक आणला, पण सुरुवातीला नुसता सांगाडा, इंजिन आणि चाकेच मिळत. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा हौदा गावच्या सुताराकडून करून घ्यायचा. म्हणून त्या काळचे दोन ट्रक सहसा एकासारखे एक नसतात. १९२५ साली फोर्डने हौद्यासकट तयार लहान गाडी २८१ डॉलरला विकायला काढली. मग तर लहान शेतकऱ्याच्या दारातही मोटार आली.

दुसऱ्या महायुद्धाने यातले पुष्कळ खाल्ले. १९४२ च्या आरंभी सामान्य लोकांसाठी नवे ट्रक बनवणे थांबले आणि त्याच वर्षी लढाईसाठी जुने लोखंड गोळा करण्याची मोहीम निघाली. नेब्रास्कात ओमाहाच्या एका दैनिकाने ती इतकी जोरात चालवली की सारा देश तिचे अनुकरण करू लागला. शेतकऱ्यांनी परसातले सगळे लोखंड दिले. जे ट्रक चालते होते तेवढे वाचले, कारण दुसरा मिळणार नव्हता. तार बांधून, ठिगळ लावून त्यांनी युद्ध काढले.

पुढे २००९ साली सरकारने जुनी गाडी मोडीत देणाऱ्याला नव्यावर सूट दिली. दोन महिन्यांत पावणेसात लाखांवर गाड्या आल्या. त्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ती कायमची निकामी केली गेली. पण पंचवीस वर्षांहून जुनी गाडी त्या योजनेत चालतच नव्हती, म्हणून हे म्हातारे सुटले. त्यांना खरा धोका भंगाराच्या भावाचा. २००८ च्या उन्हाळ्यात लोखंडाचा भाव असा चढला होता की झाडीत विसरलेले ट्रकही लोकांना आठवू लागले.

आता काढायचा कसा ते पाहू, कारण इथेच नवखे लोक चुकतात. ट्रक मिळाला की बॅटरी लावून स्टार्टर मारायची घाई होते. ती करू नये. इंजिनात पाणी राहून हिवाळ्यात गोठले असेल तर ब्लॉकला तडा गेलेला असतो, तो आधी शोधायचा. इंजिन जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचे. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अॅसिटोन निम्मे-निम्मे, हे तिकडचे आवडते मिश्रण. (हे चटकन पेटते, जवळ विडी-काडी नको.) मग आठ-पंधरा दिवस थांबायचे आणि फ्लायव्हील हाताने केसभर पुढे, केसभर मागे करायचे. गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढले तर पिस्टन सुटण्याऐवजी रॉड वाकतो. टाकीतले जुने पेट्रोल डिंकासारखे झालेले असते, तेव्हा ती टाकी सोडून बाहेर डबा टांगून पेट्रोल द्यायचे. सीटमध्ये उंदरांचा संसार आणि छताखाली गांधीलमाश्यांचे पोळे हमखास. विजेचे काम सहा व्होल्टचे. १९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये तर बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले. आजच्या सवयीने तारा लावल्या की धूर निघालाच समजा.

शेवरोलेचे १९५३ पर्यंतचे छोटे सहा सिलिंडरचे इंजिन आणखी एका गोष्टीसाठी सांभाळावे लागते. त्याच्या रॉडची बेअरिंग ओतीव व्हाइट मेटलची. रॉडच्या टोकाला चमच्यासारखा भाग असतो, तो फिरता फिरता तेलात बुडतो आणि तेल वर घेतो. असे इंजिन बैलाच्या चालीने वर्षानुवर्षे चालेल. महामार्गावर पळवले की बेअरिंग वितळलेच.

आणि चाके! मोठ्या ट्रकांची काही चाके दोन तुकड्यांची असतात. आतून गंजलेल्या अशा चाकात हवा भरताना कडे सुटले तर तोफेच्या गोळ्यासारखे येते. माणसे मेली आहेत. एका प्रकारच्या चाकाला तिकडचे मेकॅनिक ‘विधवा करणारे चाक’ म्हणतात आणि पुष्कळ टायरवाले त्याला हातच लावत नाहीत. ट्रक वाचवायचा म्हणजे आपला जीव द्यायचा असे नाही. ती चाके बदलावीत.

हे सगळे जमले की पुढचा मोह रंगाचा. पत्रा ठोकून लालभडक रंग दिला की ट्रक नाताळच्या भेटकार्डावरच्या चित्रासारखा दिसतो, आणि भावही चांगला येतो. मला मात्र हा रंग खटकतो. दारावर मालकाचे नाव, गाव आणि कधी वजनाचा आकडा हाताने रंगवलेला असतो. हौद्याच्या फळ्या फावड्याने घासून मधोमध खोलगट झालेल्या असतात. फाळक्याची साखळी तुटली म्हणून कुणी बैलाची साखळी जोडलेली असते. हे पुसले की उरतो तो कोणाचाही ट्रक. जाणते लोक आता नुसते धुऊन, तेलाचा हात फिरवून तो तसाच ठेवतात.

पण या नीट राखलेल्या ट्रकांतही एक गोष्ट सहसा राखली जात नाही. हौद्यात कोण उभे होते, ती. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून लाखो शेतमजूर करारावर अमेरिकेत आणले गेले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत, म्हणजे हातांनी काम करणारे. लिओनार्ड नडेल या छायाचित्रकाराने १९५६ मध्ये त्यांचे फोटो काढले. त्यांत माणसे ट्रकमध्ये पोत्यांसारखी दाटलेली दिसतात. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात चुआलार गावाजवळ अशाच एका ट्रकला मालगाडीने उडवले. सपाट हौद्यावर छत घालून, दोन लांब बाकडी टाकून त्याची ‘बस’ केलेली होती. दिवसभराचे काम संपवून परतणारे बत्तीस मजूर मेले. त्या करारपद्धतीवर आधीपासून टीका होतीच, ती तीव्र झाली, आणि पुढच्या वर्षाअखेर ती पद्धत बंद पडली. तिथल्या महामार्गाच्या तुकड्याला आता ब्रासेरोंचे नाव आहे. प्रदर्शनात उभ्या असलेल्या लाल ट्रकाशेजारी हे कोणी लिहीत नाही. ऊसतोडीच्या हंगामात बाया-पोरांसह, भांड्याकुंड्यांसह ट्रकात चढणारी आपली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातले काही समजावून सांगायला नको.

हे ट्रक आपल्याला परकेही नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढून शेवरोलेची जुळणी सुरू केली, ती १९५४ पर्यंत चालली. स्वातंत्र्यानंतर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक निघत. ते भंगारात कुठे गेले ते सांगायला नको, कुर्ला जवळच होते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. वीस हजार रुपये भरा, दहा वर्षे नोंदणी चालते. पण ती सवलत दुचाकींना आणि खासगी वापराच्या चारचाकी मोटारींना. संस्थानिकाची मोटार त्यात बसते, माल वाहिलेला ट्रक बसत नाही.

म्हणून आपल्याकडे अख्खा ट्रक राखणे थोड्यांनाच जमेल. एखाद्या साखर कारखान्याच्या कुंपणाशी किंवा गॅरेजच्या मागे असा जुना ट्रक दिसला आणि तो उद्या काट्यावर जाणार असे कळले, तर धुण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावेत. ज्याने तो हाकला तो ड्रायव्हर, क्लीनर असेल तर तोही, आणि हौद्यात बसून जाणारी मजूर बाई सापडली तर तिला आधी बोलते करावे, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शिवाय भंगारवाल्याकडून दार तेवढे मागून घ्यावे. बिजागरीची पिन काढली की ते सुटते, आणि नाव रंगवलेली बाजू बाहेर ठेवून भिंतीला टांगता येते.