संदेशाची शिदोरी : आपत्काळ आणि हातातील रेडिओसंच

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण छत्रीबागेतील या शाळेत एकत्र जमलो आहोत, त्यांची एक सवय येथे बसलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. प्रयोगशाळेतील एखादे उपकरण चालेनासे झाले, की आम्ही मुले लगेच त्याचे स्क्रू सोडवू लागत असू. गुरुजी आम्हांला थांबवीत आणि विचारीत, "आधी सांगा, याला वीज कोठून मिळते?" पुष्कळदा दोष तेथेच सापडे. आजच्या विषयाचे सारही याच एका प्रश्नात सामावलेले आहे.

विषय आहे हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला जगभर 'हॅम रेडिओ' म्हणतात त्याचा. आणि त्यातही हातात मावणाऱ्या लहान संचाचा. संकटकाळी हा संच उपयोगी पडतो, असे आपण वाचतो. तो किती तास उपयोगी पडतो आणि कशाच्या बळावर, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार आज करावयाचा आहे.

किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. दगडमातीची घरे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी आमच्या शेजारी उमरग्याकडील एक कुटुंब राहत असे. रेडिओवर बातमी आली, तिच्यात आकडे आले. परंतु आपली माणसे त्या आकड्यांत आहेत की नाहीत, हे त्यांना तीन दिवस कळले नाही. शेवटी निरोप आला तो चार शब्दांचा होता : "आम्ही सर्व सुखरूप आहोत." त्या चार शब्दांची किंमत काय असते, हे मी त्या घरात पाहिले.

तेव्हा फोन थोड्या घरांत होते, आज ते प्रत्येकाच्या खिशात आहेत. म्हणून हा प्रश्न सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खिशातील फोन असूनही लाखो लोक घरच्यांशी बोलू शकले नाहीत. याचे कारण साधे आहे. मोबाईल फोन दुसऱ्या फोनशी थेट बोलत नाही. तो जवळच्या मनोऱ्याशी बोलतो आणि मनोरा पुढील यंत्रणेशी. मनोऱ्याला वीज लागते. वीज गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तास टिकतात. त्यानंतर डिझेल पोचले नाही तर मनोरा मुका होतो. जे मनोरे चालू राहतात, त्यांच्यावर एकाच वेळी सर्वांची गर्दी होते.

हौशी रेडिओचे वैशिष्ट्य असे, की त्याला मधल्या कोणाचीही गरज नसते. एका संचातून निघालेल्या लहरी थेट दुसऱ्या संचात पोचतात. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथेच होत्या. अंदमानातून हौशी रेडिओचे प्रक्षेपण करण्याच्या मोहिमेवर त्या गेल्या होत्या. बेटांचे नेहमीचे दळणवळण कोलमडले आणि छंदासाठी नेलेले संच मुख्य भूमीशी जोडणारा दुवा ठरले. दूर अंतरावरचे हे काम मोठ्या संचांचे आणि लघुलहरींचे असते. पण आलेला निरोप गल्लीपर्यंत, शिबिरापर्यंत, इस्पितळापर्यंत पोचविण्याचे काम हातातील लहान संचाचे. त्याचीच शिदोरी आपण आता मोजू.

शिदोरीचे गणित

अशा संचाची बॅटरी सामान्यतः ७.४ व्होल्ट दाबाची लिथियम बॅटरी असते. तिची क्षमता १.८ अँपिअर-तास धरू. याचा अर्थ, १.८ अँपिअर प्रवाह घेतला तर ती एक तास पुरेल. त्याच्या दशांश घेतला तर दहा तास. संच किती प्रवाह घेतो हे त्याच्या कामावर अवलंबून असते. पाच वॅट शक्तीवर बोलताना तो सुमारे १.४ अँपिअर घेतो. एक वॅटवर बोलताना सुमारे ०.५, दुसऱ्याचे बोलणे ऐकताना सुमारे ०.२५, आणि नुसता वाट पाहत असताना सुमारे ०.०६. संचासंचांत थोडाफार फरक पडेल, परंतु प्रमाण हेच राहील. बोलणे हे वाट पाहण्यापेक्षा वीसपटींहून अधिक महाग आहे.

आता तीन माणसे कल्पावी. पहिला घाबरलेला आहे. तो पूर्ण शक्तीवर तासातील वीस मिनिटे बोलतो आणि बारा मिनिटे ऐकतो. त्याची बॅटरी सव्वातीन तासांत संपते. दुसरा तासाला सहाच मिनिटे बोलतो. त्याची पावणेआठ तास पुरते. त्यानेच शक्ती पाचावरून एक वॅटवर आणली, तर ती साडेबारा तासांवर जाते. तिसऱ्याने आपल्या सोबत्यांशी आधीच ठरवून ठेवले आहे, की प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटेच संच चालू करावयाचा. त्यात एक वॅटवर तीन मिनिटे बोलावयाचे, चार मिनिटे ऐकावयाचे, एरवी तो बंद. त्याची तीच बॅटरी चाळीस तास पुरते. अशा दोन बॅटऱ्यांवर तो तीन दिवस आणि तीन रात्री काढतो. बाहेरची मदत नीट उभी राहीपर्यंतचा काळ साधारण एवढाच असतो.

तिघांचा संच एकच आहे, बॅटरीही एकच आहे. सव्वातीन तास आणि चाळीस तास यांतील अंतर हे केवळ शिस्तीचे आहे. महागडा संच घेऊन हे अंतर भरून निघत नाही.

वीज कोठून मिळवावी

पहिली सोय म्हणजे दुसरी बॅटरी. परंतु ती कपाटात ठेवून विसरून चालत नाही. एकदा सरावाच्या दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासाने दोन वर्षे जपून ठेवलेली बॅटरी काढली, आणि संच दोन वाक्ये बोलून गप्प झाला. दोष बॅटरीचा नव्हता, माझा होता. लिथियम बॅटरी पूर्ण भरून उष्ण जागी ठेवली तर लवकर म्हातारी होते आणि पूर्ण रिकामी ठेवली तर दगावते. म्हणून एक पूर्ण भरलेली आणि एक अर्धी भरलेली ठेवावी, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यांची अदलाबदल करावी. मालव्यातील वैशाखात बंद मोटारीत तर ती कधीही ठेवू नये.

दुसरी सोय साध्या पेन्सिल सेलची. अनेक संचांसाठी सहा सेल बसणारी पेटी मिळते. तिचा दाब नऊ व्होल्ट होतो. हे सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र पूर्ण शक्तीवर बोलताना त्यांचा दाब झपाट्याने उतरतो, म्हणून ते एक वॅटवरच वापरावे. पेटीत घालून ठेवू नयेत. पाझरले तर पेटी खराब होते.

तिसरी सोय आपल्या घरातच असते, पण आपले लक्ष तिकडे जात नाही. संगणकाच्या यूपीएसमधील बॅटरी बहुधा १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची असते. ती पूर्ण उतरविल्यास खराब होते, म्हणून निम्मीच वापरावी असे धरले, तरी हातातील संचाची बॅटरी तिच्यावरून दोनदा सहज भरता येते. स्कूटरची बॅटरी साधारण याच जातीची. आणि घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी त्यात लहान बॅटरीच्या साठपटींहून अधिक वीज असते. संकटाच्या रात्री त्या इन्व्हर्टरवरचा एक पंखा बंद ठेवला, तर एक मोहल्ला बोलता राहील.

येथे एक धोक्याची सूचना. चालू मोटारीच्या बॅटरीचा दाब चौदा व्होल्टच्या आसपास जातो. ७.४ व्होल्टचा संच तिला थेट जोडला तर तो जळण्याची शक्यता असते. मध्ये योग्य चार्जर किंवा दाब कमी करणारे उपकरण हवे. धन टोकाशी, बॅटरीच्या अगदी जवळ, तीन ते पाच अँपिअरचा फ्यूज हवा. आणि धन-ऋण तारांचे रंग ठरलेले हवेत. अंधारात हात थरथरत असताना तारा ओळखता आल्या पाहिजेत.

सौर पट्टीचा मोह अनेकांना होतो. वीस वॅटची पट्टी स्वच्छ उन्हात दिवसाकाठी आपल्या लहान बॅटरीला तीन-चार वेळा भरेल. परंतु पूर यावयाचे ते आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा सूर्यदर्शन दुर्मिळ. म्हणून सूर्याला मदतनीस मानावे, आधार मानू नये.

अँटेना : न खर्च होणारी शक्ती

बॅटरी वाचविण्याचा सर्वांत उत्तम उपाय अँटेनाचा आहे. आपल्या देशात हौशी चालकांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा जो पट्टा दिलेला आहे, तेथे लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते. संचासोबत येणारी आखूड रबरी अँटेना या लांबीला पुरी पडत नाही आणि पुष्कळ शक्ती वाया जाते. तिच्याऐवजी सुमारे ४९ सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ हातभर लांबीची अँटेना लावावी. ते शक्य नसेल तर तेवढ्याच लांबीची साधी तार अँटेनाच्या बुडाशी असलेल्या बाहेरील धातूच्या कड्याला जोडून खाली लोंबत सोडावी. खर्च काही रुपयांचा, आणि फरक लगेच जाणवतो.

दुसरी गोष्ट उंचीची. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला चारने गुणले, की क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील संच दीड मीटर उंचीवर असतो. त्याचे क्षितिज पाच किलोमीटर. असे दोघे मोकळ्या मैदानावर दहा किलोमीटरवरून बोलू शकतील; दाट वस्तीत मात्र त्याच्या चौथाईवरही नाही. त्यांपैकी एक जण सोळा मीटर उंच गच्चीवर गेला तर त्याचे क्षितिज सोळा किलोमीटर होते आणि दोघांमधील अंतर एकवीसवर जाते. म्हणून ऐकू येईनासे झाले की शक्ती वाढविण्याआधी जिना चढावा. जिन्याला बॅटरी लागत नाही.

पिशवी, परवाना आणि माणसे

पिशवीत संच, दोन बॅटऱ्या, सेलची पेटी, चार्जर, वीजवाहक तार, लांब अँटेना, श्रवणिका आणि टॉर्च असावा. श्रवणिकेने वीजही वाचते आणि रडारडीत निरोप स्पष्ट ऐकू येतो. याखेरीज वही, पेन्सिल, आणि ठरलेल्या वेळा व कंप्रता लिहिलेला कागद, हे सर्व प्लॅस्टिकच्या पिशवीत. ओल्या हाताने शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही.

हा संच परवान्याशिवाय चालविता येत नाही. केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो आणि नियमानुसार वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थीही त्यास पात्र असतो. म्हणजे आपल्या शाळेतील सातवी-आठवीची मुलेसुद्धा. एरवी त्रयस्थाचे निरोप नेण्यास मुभा नसते, परंतु आपत्तीत प्रशासनाच्या विनंतीवरून हे काम करता येते. परवाना संकटानंतर मिळत नाही आणि सवयही संकटानंतर लागत नाही. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला भूकंप झाला. ते शहर ज्या नर्मदेच्या खोऱ्यात आहे, तेच खोरे आपल्या दक्षिणेस आहे. भीती घालण्यासाठी हे सांगत नाही, तयारी आजच करावी एवढ्यासाठी सांगतो.

शेवटी एकच हिशेब. नाव, गाव आणि "सर्व सुखरूप" एवढा निरोप सांगावयास पंधरा सेकंद पुरतात. एक वॅटवर, केवळ बोलण्याचाच खर्च धरला, तर मुठीत मावणाऱ्या त्या एका बॅटरीत असे आठशेहून अधिक निरोप मावतात. आमच्या शेजारच्या घराला त्यांपैकी एकच हवा होता, आणि तो तीन दिवस उशिरा आला. आज घरी गेल्यावर आपापल्या घरातील वीज कोठून मिळते, ती किती वेळ पुरेल, आणि तिच्यावर कोण कोणाशी बोलेल, याचा विचार आपण केलात, तर गुरुजींचा तो जुना प्रश्न आपण विसरलो नाही, असे मी समजेन.