मिसिंग आणि तेलगळती : जुन्या पद्मिनीच्या इंजिनाचे निदान

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे कार्बोरेटर इंजिन जुने झाले की दोन तक्रारी हमखास उद्भवतात : इंजिन ‘मिसिंग’ करू लागते आणि गाडी उभी राहते तेथे जमिनीवर तेलाचे डाग पडतात. गॅरेजमध्ये या तक्रारींवर स्वतंत्रपणे, बहुधा सुटे भाग बदलूनच, उपाय केला जातो; वस्तुतः दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकच असते.

एखाद्या सिलिंडरमधील पेट्रोल व हवेचे मिश्रण वेळेवर न पेटणे म्हणजे मिसिंग. इंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका प्लगची वायर क्षणभर काढली असता ज्या वायरीमुळे इंजिनाची गती उतरते तो सिलिंडर काम करीत असतो, आणि जी काढूनही काही फरक पडत नाही तिचा सिलिंडर आधीच निकामी झालेला असतो. या वायरींतून हजारो व्होल्टचा प्रवाह जात असल्यामुळे ही परीक्षा उघड्या हाताने करणे धोक्याचे आहे. त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावल्यावर दोषही तिकडे गेला, तर प्लगच खराब ठरतो. मिसिंग सर्वच सिलिंडरांत आळीपाळीने होत असेल, तर मात्र ठिणगीची वेळ साधणारे डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट, त्यांचा कंडेन्सर आणि पावसाळ्यात दमट होणारे झाकण आधी तपासावे. काढलेला प्लगही बरेच सांगतो : फिकट तपकिरी रंग निरोगी ज्वलनाचा, कोरडी काजळी पेट्रोल जास्त येत असल्याची, तर ओला, तेलकट काळेपणा सिलिंडरमध्ये तेल शिरत असल्याची खूण असते.

तेलगळतीत डागाची जागा फसवी असते. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले तेल इंजिनावरून ओघळत, वाऱ्याने मागे सरकत, भलतीकडेच ठिबकते; म्हणून इंजिन धुऊन, कोरडे करून, थोडे चालवून सर्वांत वरचा ओलावा शोधावा. कव्हरचे नट आवळत राहण्याची सवय घातक आहे, कारण त्याने पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

नवे पॅकिंगही लवकरच गळू लागले, तर संशय इंजिनाच्या आतील दाबावर घ्यावा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ज्वलनवायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात आणि ब्रीदर नळी चोंदलेली असेल तर तेलाला प्रत्येक सांध्यातून बाहेर रेटतात. त्याच रिंगांवरून वर चढलेले तेल प्लग भिजवून मिसिंग घडवते. ब्रीदर साफ केल्यावर कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. ज्याचा दाब कमी भरेल त्यात प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब बराच वाढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलेली समजावी, न वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा. रिंगा झिजल्याचे ठरल्यास इंजिन उघडणे अटळ असते, आणि तोपर्यंत नव्या पॅकिंगवर होणारा खर्च वायाच जातो.