चित्र दिसतं, आवाज नाही? पैसे घालवण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटर होम थिएटरला जोडला, पण आवाज येत नाही. अशा वेळी लगेच नवा ॲम्प्लिफायर घेऊ नका. बऱ्याचदा दोष सेटिंगचा असतो.

1. विंडोजमध्ये खाली उजवीकडे स्पीकरचं चिन्ह असतं. तिथे आउटपुट निवडा: एचडीएमआय वायर असेल तर टीव्ही किंवा ॲम्प्लिफायरचं नाव, ऑप्टिकल असेल तर डिजिटल आउटपुट. ॲम्प्लिफायरवरही तेच इनपुट हवं.

2. ऑप्टिकल वायरच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसतो का? नव्या वायरच्या टोकांवर प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात, त्या काढल्यात ना?

3. यूट्यूबला आवाज येतो, सिनेमाला नाही? म्हणजे वायर ठीक आहे. प्लेअर डॉल्बी किंवा डीटीएस आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवतोय. याला ‘पासथ्रू’ म्हणतात. ॲम्प्लिफायरला तो प्रकार समजत नसेल तर शांतता. प्लेअरमध्ये पासथ्रू बंद करा.

4. फक्त पुढचे दोनच स्पीकर वाजतात? ऑप्टिकलमधून साधा पीसीएम आवाज दोनच चॅनलचा जातो. 5.1 हवा असेल तर ॲम्प्लिफायरला चालणारं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस पासथ्रू करा, नाहीतर एचडीएमआय वापरा.

तरीही आवाज नसेल तर शेजाऱ्यांची वायर लावून बघा. मेकॅनिकला बोलवायचं ते सगळ्यात शेवटी.