मोकळ्या प्राण्यांत वावरताना : इंदूरच्या रालामंडलची ओळख

इंदूरला जाणारा गोमंतकीय पर्यटक बहुधा होळकरांचा राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात खाऊगल्लीचा आस्वाद घेतो आणि उज्जैन-ओंकारेश्वरचे दर्शन घेऊन परततो. शहराच्या कडेला असलेली रालामंडलची टेकडी सहसा त्याच्या यादीत नसते. वन्यप्राण्यांच्या घरी पाहुणा म्हणून कसे वागावे, हे समजून घ्यायला मात्र यासारखी जागा जवळपास दुसरी नाही.

रालामंडलला १९८९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे २.३४ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे २३४ हेक्टर. टेकडीच्या माथ्यावर होळकरांच्या काळातील शिकारगाह उभी आहे. ज्या वास्तूतून एके काळी प्राण्यांवर नेम धरला जाई, तिच्याच भोवतालचे रान आज त्याच प्राण्यांना अभय देते.

इंदूरमध्ये कमला नेहरू प्राणिसंग्रहालयही आहे. तिथे प्राणी बंदिस्त आणि माणूस मोकळा असतो. सिंह कुठे दिसेल, हे आधीच ठरलेले असते. अभयारण्यात दर्शनाची हमी नसते. इथली चितळे, सांबरे आणि रोही म्हणजे नीलगायी माळव्याच्या कोरड्या पानझडी रानातल्याच. त्या कधी वाटेच्या कडेला चरताना दिसतात, कधी दिवसभर दिसतही नाहीत.

आपल्याकडे सांबराला मेरू म्हणतात, त्यामुळे ते ओळखीचे. नीलगाय मात्र गोव्याच्या रानात आढळत नाही. नावात गाय असली तरी ती कुरंग कुळातली, आणि आशियातील कुरंगांत सर्वांत मोठी. नर निळसर राखाडी, तर मादी पिवळट तपकिरी. नीलगायीच्या नराची शिंगे आयुष्यभर टिकतात, तर चितळ-सांबरांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. हरीण आणि कुरंग यांतला हा मुख्य भेद.

मोकळ्या प्राण्याभोवती एक अदृश्य रेषा असते. ती ओलांडेपर्यंत तो माणसाला सहन करतो, ओलांडताच पळतो. चितळ मान उंचावते, कान आपल्याकडे वळवते, पुढचा पाय जमिनीवर आपटते. ही तिची सूचना असते : आणखी पुढे येऊ नका. अशा वेळी जागीच थांबावे आणि आवाज न करता पाहत राहावे. छायाचित्रासाठी आणखी दोन पावले टाकणाऱ्याला बहुतेक वेळा पळणाऱ्या कळपाची पाठच दिसते.

याहून मोठी चूक म्हणजे प्रेमाने खाऊ घालणे. हरणे आणि नीलगायी रवंथ करतात. त्यांच्या जठराचे चार कप्पे असतात आणि त्यांतील सूक्ष्मजीव पाला व गवत पचवतात. बिस्किटे, पाव, पोळी असे पिष्टमय अन्न अचानक पोटात गेले की तिथे आम्ल वाढते, पचन कोलमडते. प्रसंगी प्राणी दगावतो. खाण्याचा वास लागलेली प्लास्टिकची पिशवी गिळली गेली, तर ती त्या कप्प्यात साचून राहते. शिवाय माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेल्या प्राण्याची भीती मोडते. मग तो रस्त्यावर येतो, वाहनाखाली किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडतो. आपल्या क्षणभराच्या कौतुकाची किंमत तो अशी मोजतो.

रालामंडलमध्ये बिबट्याचाही वावर आहे. एका बिबट्याचा फिरण्याचा पट्टा साधारणपणे या अभयारण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणजे त्याचे रान कुंपणाशी संपत नाही. पलीकडे शेते आहेत आणि वाढत येणारे शहर आहे. ‘मुक्त संचार’ हा शब्द अशा ठिकाणी जपूनच वापरायला हवा. प्राण्यांना मिळालेली जागा मुळात तोकडी. तीही आपल्या गोंगाटाने आणि कचऱ्याने भरली, तर त्यांनी जायचे कुठे?

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्राण्यांना छेडणे व कचरा टाकणे निषिद्ध आहे. प्राणिसंग्रहालयात तर कलम ३८-जे खाऊ घालण्यासही मनाई करते. पण प्रत्येक झाडामागे वनरक्षक उभा करता येत नाही. गज नसलेल्या ठिकाणी पाहुण्याचा संयम हेच कुंपण.

त्यासाठी इंदूरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपले बोंडला अवघे ८ चौरस किलोमीटरचे. तिथल्या हरणांसमोर चिप्सचे पाकीट फोडणारा हात आपल्या घरातला तर नाही ना, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहिले तरी पुरे. मुलांना हरीण दाखवायला नेतो, तेव्हा ते कसे पाहावे हेही त्याच वाटेवर शिकवता येते.