ढोलकीवर कोण होतं?

पाडवा जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेरच्या गावांमधले यात्रा कमिटीवाले जीपमधून उतरतात, दोन-चार राहुट्यांमधला चहा पितात, घासाघीस करतात आणि कुठल्यातरी एका मॅनेजरच्या हातावर सुपारी ठेवून जातात. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात ते या व्यवहारामुळं. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतले फडांचे फलक आठवून पाहिले, तर एकट्याच्या नावावर चाललेले फड कमीच सापडतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर, भिका-भीमा सांगवीकर, दत्ता महाडिक पुणेकर सह चंद्रकांत ढवळपुरीकर, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे. कुठं सख्खे भाऊ, कुठं जुळे, कुठं मायलेक. तमाशा एकट्यानं उभा राहत नाही, हे फडमालकांना पक्कं ठाऊक होतं. पण फलकावरची यादी दोन नावांपाशी थांबली आणि आपण रसिकांनीही तिथंच थांबणं पसंत केलं. या मागोव्यात मला त्यापुढच्या माणसांची दखल घ्यायची आहे.

ढोलकी फडाच्या तमाशात आरंभी ढोलकी आणि हलगी एकमेकांशी बोलू लागतात. हलगीचं कातडं विस्तवावर तापवून घेतलेलं असतं. थंडीच्या रात्री ते पुन्हा पुन्हा तापवावं लागतं. ढोलकीवाला एक तुकडा टाकतो, हलगीवाला तो उचलतो, त्यात आपली भर घालून परत करतो. कोणी काय वाजवायचं हे आधी लिहिलेलं नसतं. लय ठरलेली असते आणि दोघांनी मिळून यायची जागा ठरलेली असते. मधलं सगळं त्या रात्रीचं. मग तुणतुणं आणि झांज घेतलेले सुरत्ये पुढं येतात, गण होतो, गवळण होते. शाहिरानं ओळ सोडली की ती झेलून वर चढवायची हे या झीलकऱ्यांचं काम. शाहिराला दम घ्यायला मिळतो तो त्यांच्या जिवावर, आणि पुढची ओळ आठवत नसेल तर तीही त्यांच्याच आडोशानं सापडते.

खरी कमाल बतावणीची. दुपारी ट्रक गावात पोचले की मुरलेला सोंगाड्या पारावर, चहाच्या टपरीवर एक चक्कर मारून यायचा. सरपंच कोण, सोसायटीत कोणाचं कोणाशी फाटलंय, कांद्याला काय भाव मिळाला, एवढी शिदोरी त्याला पुरायची. रात्री तेच सगळं गमतीत गुंफून गावाच्याच पुढ्यात यायचं. टाळी सोंगाड्याला मिळते, पण ती कमावून देतो त्याच्यासमोर उभा असलेला गडी. त्यानं स्वतः हसायचं नाही, नको तिथं बोलायचं नाही आणि पुढचा प्रश्न नेमक्या जागी टाकायचा. तो एक श्वास आधी बोलला तर विनोद जागीच मरतो. काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे कवलापूरचे जुळे भाऊ, यांची जोडी जमली ती या एका श्वासाच्या हिशेबावर. चेहरे सारखे असणं हा वरचा बोनस.

वगाचंही तसंच. जुन्या फडांत वगाची संहिता पुष्कळदा कागदावर नसायचीच. वगकार कथानक सांगायचा, गाणी पाठ करून घ्यायचा. संवाद नटांनी उभ्या उभ्या रचायचे. प्रयोगामागून प्रयोग होत गेले की चांगलं ते टिकायचं आणि फुसकं गळून पडायचं. अशा वगाचा लेखक कोण, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

जाझ ऐकणाऱ्याला ही तऱ्हा ओळखीची वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांनी जे संगीत घडवलं, त्यातही चाल ठरलेली आणि बाकीचं त्या क्षणाचं. एकानं पुढं यायचं, इतरांनी त्याला जागा करून द्यायची. मुंबईत १९७८ साली या संगीताचा मोठा महोत्सव सुरू झाला, त्याचं नाव ‘जाझ यात्रा’. नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं आमची जुन्नर-आंबेगावची यात्रा असेल असं वाटत नाही, तरी नाव चपखल होतं. मात्र एका बाबतीत जाझवाले आपल्यापेक्षा शहाणे निघाले. त्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर ड्रम कोणी वाजवला, बास कोणी धरला, हे सहसा छापलेलं असतं. हिंदी सिनेमात आलेल्या गोव्याच्या वादकांना तेवढंही भाग्य क्वचितच लाभलं. पुणतांब्याचे राम चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि आल्डोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या संगतीतून १९५१च्या ‘अलबेला’चं संगीत बहरलं, चिकचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसला. पण अशा कितीतरी वादकांचा वाटा श्रेयनामावलीत आलाच नाही. तमाशात तर श्रेयनामावलीचीच सोय नाही.

तमाशात जोडीनं निर्मिती करण्याची परंपरा मात्र जुनी आहे. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या लावणीला उभं केलं ते संगमनेरकडच्या हिवरगावच्या पवळाबाईनं. बापूराव ब्राह्मण, पवळा महार. ज्या काळात या दोघांनी एका पंगतीत बसणं गावाला चाललं नसतं, त्या काळात ते एका बोर्डावर उभे राहून एकच गाणं पुरं करत होते. त्या लावण्या आज बापूरावांच्या नावावर आहेत आणि ते बरोबरही आहे. पण कुठला शब्द कुठं तोडायचा, कुठल्या अक्षरावर नजर फेकायची, हे पवळाबाईनं ठरवलं असणार, आणि ते कुठल्याच वहीत उतरलं नाही. तमाशात जात लपलेली नव्हती. ‘भाऊ-बापू मांग’ असं ती फलकावरच लिहिलेली असे. मांग, महार, कोल्हाटी कलावंतांनी ही कला सांभाळली आणि ‘तमासगीर’ हा शब्द शिवीसारखा झेलला, हे विसरून नुसत्या सहनिर्मितीचं कौतुक करणं लबाडीचं होईल.

याच भाऊ-बापूंच्या घरातली विठाबाई नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरात जन्मली, म्हणून तिचं नाव विठा. भाऊ खुडे हे वडील, बापू चुलते; तमाशा घरात आजोबांपासून. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी तिनं जवानांसमोर कला सादर केली. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला आणि २००२च्या जानेवारीत ती हलाखीतच गेली. तिची एक गोष्ट उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती, कळा आल्या, ती आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा पुढं आली. लोकांना उमगलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला. ही गोष्ट तिच्या हिमतीची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मला मात्र दरवेळी दुसराच प्रश्न पडतो. ती आत होती तेवढा वेळ बाहेरचा खेळ कोणी धरून ठेवला? प्रेक्षक उठले नाहीत, म्हणजे कोणीतरी बतावणी ताणली असणार, कोणीतरी ढोलकीचा हात चालू ठेवला असणार, आतलं सगळं माहीत असताना हसतमुखानं. त्या माणसांविषयी ही गोष्ट एक शब्द बोलत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत फड मोठे झाले. स्वतःचे ट्रक, जनरेटर, तंबू, शंभरावर माणसं, मालकाकडून उचल घेऊन दसऱ्यापासून वैशाखापर्यंत बांधली गेलेली. लिहिणारे आणि गाणारे आता वेगळे होऊ लागले. आंबेगावशेजारच्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी कितीतरी फडांना गण, गवळणी, लावण्या आणि वग लिहून दिले. मुसलमान घरातल्या माणसानं लिहिलेल्या गणानं गावोगावच्या खंडोबाच्या आणि भैरवनाथाच्या यात्रेत तमाशाला आरंभ व्हायचा आणि त्यात कोणालाच काही वावगं दिसत नव्हतं. कलावंताची पट्टी, त्याचा श्वास, त्याची लकब ओळखून शब्द बसवणं हे या कामातलं खरं कसब.

मग ऑर्केस्ट्रा आला. आधी चार हिंदी गाणी, नंतर चाळीस. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, आणि ढोलकीवाल्यासमोर आता दुसरा माणूस नव्हता, ठरलेला ठेका होता. लोकांनाच तेच हवं होतं, हे फडमालकांचं म्हणणं खोटं नाही. तंबूचा खर्च, डिझेल आणि पगार शास्त्रशुद्ध गवळणीवर निघत नाहीत. दुसरा घाव कायद्याचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद झाला, सवलतीचे दिवस मोजके. वग पूर्वी मध्यरात्रीनंतर रंगायचा आणि तांबडं फुटेपर्यंत चालायचा. आता गाण्यांतून उरलेल्या वेळात त्याला उरकतात. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, आजारी माणसं गावातही असतात. पण उभ्या उभ्या संवाद रचायला लागते ती सवड त्यानं काढून घेतली, हेही खरं. दुसऱ्या दिवशी उजेडी होणारी हजेरी तेवढी अजून सैल आहे. जुनी माणसं आजही रात्रीपेक्षा हजेरीला आवर्जून बसतात, आणि माझ्या मते ढोलकी-हलगी ऐकायची तर तिथंच.

२०२० साली पाडवा २५ मार्चला होता. करोनाच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. वर्षभराची कमाई ज्या महिन्या-दीड महिन्यात व्हायची, तोच हंगाम त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी बुडाला. फडमालकांची कर्जं वाढली. कलावंत मजुरीला, शेतात, मिळेल त्या कामाला गेले. फड पुन्हा उभे राहिले खरे, पण गेलेली सगळी माणसं परतली नाहीत. नवा ढोलकीवाला बाजारात मिळतो. वीस वर्षं एकमेकांसमोर वाजवलेली जोडी मात्र मोडली की मोडली.

विठाबाईंच्या नावानं राज्य सरकार २००६ पासून तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, मंगला बनसोडे, बशीर मोमीन कवठेकर ही त्यातली काही नावं, सगळी मोलाची. पुरस्कार एकेकट्याला मिळतो, त्याला इलाज नाही. पण मंचावर हलगीवाल्यासाठीही एक खुर्ची मांडता येईल.

जुन्नर-आंबेगावच्या यात्रा कमिट्यांना एकच विनंती. तुमच्या फ्लेक्सवर गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो मावतात. त्यात ढोलकी, हलगी, पेटी आणि झील धरणाऱ्यांची चार-पाच नावंही छापा. आणि हजेरीला बसलेल्या तरुणांनी मोबाईलवर नुसती लावणी टिपू नये. बतावणी पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपावी, आणि खाली तारीख, गाव आणि वाजवणाऱ्यांची नावं लिहून ठेवावीत.