वखारीतील पद्मिनी

अनेक व्यापारी कुटुंबांच्या वखारीत, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीमागे, आजोबांच्या काळातील फियाट ताडपत्रीखाली उभी असते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अशी गाडी मोडीत द्यावी की पुन्हा चालवावी, हा प्रश्न दर दिवाळीच्या साफसफाईत निघतो. चालवायची ठरली, तर पहिल्याच दिवशी नवी बॅटरी जोडून चावी फिरविण्याचा मोह मात्र आवरावा. वर्षानुवर्षे उभे राहून जे नुकसान झाले नसेल, ते घाईच्या एका क्षणात होऊ शकते.

प्रथम बॉनेट उघडून एअर फिल्टर व सायलेन्सर तपासावा. तेथे उंदीर, पाली, गांधीलमाश्या यांनी आसरा घेतलेला असतो. त्या जिवांना सुखरूप बाहेर काढावे आणि कुरतडलेल्या वायरी बदलाव्यात. नंतर टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. त्याचा चिकट थर कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवितो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व जुने रबर त्याला टिकत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्याही नव्या घालाव्यात.

१०८९ सी.सी.च्या या इंजिनाला चार सिलिंडर आहेत. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडावे व एक दिवस मुरू द्यावे. मग पाना लावून इंजिन हातानेच हळूहळू फिरवावे. ते अडले, तर जोर न लावता जाणत्या मेकॅनिकला बोलवावे. इंजिन मोकळे फिरले, की ऑईल, फिल्टर आणि रेडिएटरचे पाणी बदलून मगच स्टार्टर लावावा.

इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी चालविण्यायोग्य झाली, असे नव्हे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे चाकांतील ब्रेक सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी सील निकामी होतात. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी जुने रबर भेगाळून फुटू शकते. चालू न झालेली गाडी घरीच राहते. न थांबणारी गाडी मात्र जिवावर बेतते. म्हणून काटकसर रंगात आणि गाद्यांच्या कापडात करावी, ब्रेक आणि टायरमध्ये कदापि नको.

मोठा खर्च करण्यापूर्वी कागदपत्रेही पाहावीत. नोंदणी दिवंगत आजोबांच्या नावे असल्यास नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावे करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी साधारणतः १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर तिचे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. विमा व प्रदूषण प्रमाणपत्राशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. वारस एकाहून अधिक असल्यास सर्वांची संमती आधीच लेखी घ्यावी. आजोबांच्या गाडीवरून भावाभावांत वितुष्ट यावे, इतकी कोणतीही गाडी मोलाची नसते.